कौलाला हात

शिवणाच्या खोलीत मी जमिनीवर आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. झोपायचं नाही, असं स्वतःला बजावते. उन्हं कलली आहेत, आणि दिवेलागणीला झोपलेल्या बाईच्या घरात कोण कोण पाहुणे येतात ते आईने मला लहानपणीच नीट समजावून दिलेलं आहे. उशाला अस्तराच्या चिंध्यांचं गाठोडं, छातीवर फोन. फोनवर तीन चिनी नाणी, मधोमध चौकोनी भोक पाडलेली, माझ्या बोटाची वाट बघत थांबली आहेत.

उत्तर आज द्यायचं आहे. उद्या सकाळी विश्राम तेंडोलकरांची मुलगी गाडी घेऊन येणार आणि त्यांना म्हापशाला नेणार, कायमचं. मी थांबा म्हटलं तर ते थांबतील. थांबले तर माझ्याशी लग्न करतील. मी बावन्न वर्षांची विधवा, ते माझ्याहून थोडे पुढे, आणि दोघांचे मिळून धड असे गुडघे तीन.

तेंडोलकर भजनीमंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. भात्याला लावायला कापड लागलं की माझ्याकडे यायचे. "वैनी, वीतभर कापड आसा?" मग एक दिवस त्यांनी वैनी म्हणणं बंद केलं. दुसरंही काही म्हणेनात, नुसतं "ओ". बाईला तेवढ्यावरून कळतं. पुढे तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दारात उभं राहून एका दमात म्हणाले, "कुंदाबाई, एकट्यासाठी पेज गरम करूचो माका कंटाळो येता. तुमकाय येत असतलो." एवढीच मागणी. मी विचार करून सांगते म्हटलं आणि विचार करायचं काम चीनवर सोपवलं.

तुम्ही हसाल. पण आमच्याकडे अडलेल्या गोष्टी देवाला विचारतात, कौल लावून. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओला तांदूळ चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि श्वास धरून बघत राहायचं. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. सोय चांगली आहे. अडचण एकच, प्रश्न गुरव मोठ्याने विचारतो आणि ऐकायला सगळी वाडी मांडी घालून बसलेली असते. ‘म्हाराजा, वासू परबाच्या बायलेक दुसरो घोव करूचो आसा...’ नको रे बाबा. त्यापेक्षा माझी भाची ऋजुता पुण्याहून आली होती, तिने हे चिनी ॲप फोनवर घालून दिलं. "मावशी, हे भविष्य सांगत नाही हं. तू प्रश्न लिहायचा, नाणी सहा वेळा उडवायची. सहा रेघा येतात, अखंड नाहीतर तुटक्या, आणि खाली एक वाक्य. त्या वाक्याकडे बघत बसायचं. उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं."

मला ते पटलं. चिन्याला माझं सासर माहीत नाही, माहेर माहीत नाही, आणि तो कुणाकडे हळदीकुंकवाला जात नाही. सातवीनंतर मी जे काही शिकले ते असंच, उसवून बघून. आईचा जुना ब्लाउज टाका-टाका उसवला आणि पुन्हा जोडला, तेव्हा शिवण आलं. म्हटलं, हे वाक्यही उसवून बघू. मात्र ॲपचं मराठी कुठल्या तरी यंत्राने केलेलं. एकदा आलं, ‘मंद बैलाला दार दाखवू नका.’ एकदा आलं, ‘तुमचे गुडघे निर्दोष आहेत.’ गुडघ्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं, पण बरं वाटलं.

आत्ता मी नाणी उडवते. सहा रेघा येतात. खाली वाक्य येतं: ‘बसलेल्याने उठावे, उठलेल्याने बसावे.’

आडव्या पडलेलीने काय करावं ते लिहिलेलं नाही. मी डोळे मिटते, फक्त त्याच्यावर विचार करण्यापुरते.

शिवणाचं यंत्र चालू आहे. पायट्याचा आवाज माझ्या कानाशी येतोय, खालीवर, खालीवर, आणि पायट्यावर दोन पाय आहेत. डाव्या अंगठ्याचं नख काळं. ते नख नारळ पडून काळं झालेलं, त्यावर हळदीचा लेप मीच बांधला होता.

"काय गो, निजलंस?"

माझा नवरा. वासुदेव परब. जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या गाडीत गेला, मोठ्या डॉक्टरला दाखवायला चाललो होतो तेव्हा, माझ्या शेजारच्या सीटवर. झोप लागली म्हणून बरं वाटून मी खिडकीची काच ओढून घेतली होती.

"तुमी यंत्रार कशाक बसलात? सुई मोडात," मी म्हणते. इतक्या वर्षांनी नवरा भेटतो आणि मी सुईचं बोलते.

"सुई मगाशीच मोडली," तो म्हणतो. आणि तरी शिवतोय. कापड सरकतंय, टाके पडतायत. माझ्या मापाचा ब्लाउज आहे, एक बाही लावलेली, दुसरी नाही.

त्याच्या शर्टाची वरची गुंडी नाही. माझा हात आपोआप तिकडे जातो. "गुंडी खंय गेली?"

"थंय कोण लावता?"

मी हात मागे घेते. तो खाली वाकून माझ्या छातीवरचा फोन उचलतो, उलटसुलट करून बघतो. "ह्या काय?"

"चिनी कौल."

तो हसतो. आधी नाकातून, मग घशातून, तसंच. "कित्याक? आपलो देव काय मेलो?"

"हळू बोला. आयकतलो तो."

तो फोन हलवतो. मी शिकवलेलं नाही, तरी बरोबर सहा वेळा. पडद्यावर सहा रेघा येतात, सगळ्या मधोमध तुटलेल्या. खाली अक्षरं उमटतात: ‘जागा राखून ठेवली आहे.’

"बघ," तो म्हणतो. "माका कसो सरळ उत्तर दिता तुझो चिनो."

"तुमी इचारलात काय?"

वर कंडक्टरच्या दोरीची घंटा वाजते, टिंग टिंग, आणि मी खिडकीशी बसलेली आहे. खाली गाडीचं इंजिन घुरघुरतंय. काच मी ओढून घेतलेली आहे. बाहेर रस्ता नाही. बाहेर आमचं स्वयंपाकघर जातंय, चुलीवर पेजेचं भांडं ठेवलेलं. मग माजघर जातं. मग पुन्हा स्वयंपाकघर, आता भांड्यावर झाकणी नाही. मग पुन्हा तेच, आता भांडंही नाही.

गाडी भरलेली आहे. सगळ्यांची तोंडं पुढे. मला दिसतायत त्या पाठी, बहुतेक बायकांच्या, आणि मी पाठींवरून माणसं ओळखणारी बाई आहे. पुढच्या सीटवरचा जांभळा ब्लाउज माझ्या हातचा. खांद्याला दोन्हीकडे बोटभर आत घेतलाय. पार्वतीकाकींचा. आजारपणात त्यांचे खांदे उतरले म्हणून मी तो उसवून परत शिवून दिला, आणि तो घालूनच त्यांना नेलं. त्यांच्या पुढची हिरवी पाठ, तिचीही शिवण माझी. तिच्या पलीकडची पण. मी आणखी पुढे बघत नाही.

"सगळी तुझीच गिऱ्हायकां," वासू म्हणतो. "तुझी आठवण काढतत."

"काढत असतीली. उधारी रवली हा एकेकीची." मला वाटलं होतं तो हसेल.

"कुंदे," तो म्हणतो, "त्या चिन्याक तू रोज काय इचारतंस, ता माका ठावक आसा."

"काय इचारतंय?"

"वासू रागावतलो काय, ह्या."

ॲपमध्ये मी तसं कधीच लिहिलेलं नाही. तेंडोलकरांनी थांबावं का, असं लिहिलंय. लोक काय म्हणतील, म्हापशाचं घर बरं की वाईट, त्यांची मुलगी मला काय हाक मारेल, सगळं फिरवून फिरवून लिहिलंय. पण प्रत्येक वेळी वाक्य आलं की मी शोधत होते ते हेच. खरं ते खरं.

"मगे?" मी विचारते. "रागावलात?"

"नाय गो. इश्राम बरो माणूस. तेच्या पेटीर मी कितके अभंग गायलंय." तो खिडकीबाहेर बघतो. स्वयंपाकघर जातं. "रागावूक कायव नाय. पण थंय कोण बोलणा नाय. सगळी एकच शब्द म्हणतत. मी म्हटलंय ऊन पडला, व्हय म्हाराजा. मी म्हटलंय पाऊस पडता, व्हय म्हाराजा. भांडूक सुद्धा कोण नाय. तुझ्यासारख्या भांडूक कोणाक येता?"

रागावला असता तर मी चार शब्द सुनावले असते आणि गाडीतून उतरले असते. हे असलं बोलणं मला झेपत नाही. ज्या माणसाला रात्री उठून पाणी दिलंय त्याला तहान लागली की आपला हात तांब्याकडे जातोच, तो माणूस कुठून का मागत असेना.

"थंडी वाजता तुमका?" मी विचारते.

"जागा थंड आसा," तो म्हणतो.

खरंच आहे. माझे तळपाय गार पडलेत. खाली गाडीचा पत्रा नाही, दगड आहे. देवळाचा सभामंडप. समया पेटलेल्या आहेत आणि त्यांच्यात तेल नाही. गाडीतली माणसं तशीच बसलीत, फक्त मांडी घालून, पाठी आमच्याकडे. गाभाऱ्यात देव असतो तिथे अंधार आहे, आणि त्या अंधाराच्या जागेवर, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळ्या पडलेल्या चौथऱ्यावर, मी बसलेली आहे. मी उठायला बघते. गुडघे निर्दोष असतील, पण उठत नाहीत.

वासू उभा राहतो. पंचा कमरेला बांधतो, हात जोडतो, खाकरतो. तो आमच्या वाडीचा मानकरी होता. गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच. बाहेरच्यांना सांगायचं तर गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं. मानकरी एकेक वाक्य म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला सगळी मंडळी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासून म्हणतात. वाक्यात काय होतं ते ऐकायची कुणाला गरज पडत नाही. वाक्य संपलं की तोंड आपलं आपण उघडतं, शिंक यावी तसं.

"देवा म्हाराजा!" वासूचा आवाज मंडपात घुमतो. माझ्या अंगावर काटा येतो, नवरीच्या वयात यायचा तसाच.

"व्हय म्हाराजा!" पाठी म्हणतात.

"आज ही जी कुंदा तुझ्या पायाकडे बसली हा, तिच्या हाताक तू यश दिलंस म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणते. खोटं कशाला बोलू, दिलंय.

"एकटीन संसार वडलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या सुयेक, दोऱ्याक, यंत्राक कोणाची नजर लागली आसात, ती काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज त्यांच्यात मिसळून गेलाय. कुठला माझा ते मलाही कळत नाही. बरं वाटतंय. खूप दिवसांनी कुणी माझ्यासाठी काही मागतंय.

"ती दमली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो पाय दोन वाटांर पडललो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर तिका आता आमच्या वाटेन घेवन येवची आज्ञा दी म्हाराजा!"

"व्ह..."

दात आपटतात. मी जीभ आत ओढते. मंडपात तो शब्द पुरा झालेला नाही. बाकी कुणीच म्हटलेला नाही. सगळे थांबलेत, माझ्यासाठी. पाठी आहेत तशाच आहेत, पण कान वळलेत, प्रत्येकाचा एकेक कान, गुराने आवाज ऐकून वळवावा तसा.

"अर्धी व्हय म्हणालंस," वासू हळूच म्हणतो. आता त्याचा आवाज घुमत नाही, घरातला आहे.

"अर्धी म्हणजे नाय."

"अर्धी म्हणजे अर्धी. नाय म्हणालंस काय तू? नाय ना? मगे कौल लावया."

तो तांब्यात बोटं बुडवतो. तळहातावर दोन दाणे घेतो, आमच्या देवळातले, तांबूस, गावठी. माझ्यासमोर वाकतो. ब्लाउजाचा गळा दोन बोटांनी बाजूला करतो. बोटं इतकी गार की मला वाटतं चटका बसला. "लोकांचे बरे शिवतंस गो," तो म्हणतो. "स्वतःचो गळो बघ कसो सैल झालो हा." आणि एक दाणा उजव्या खांद्याच्या कडेला, मानेजवळ, अंगठ्याने दाबून चिकटवतो. एक डाव्या. इतक्या मायेने की मी मान तिरकी करून देते. नंतर कळतं, की आपण मान दिली.

"म्हाराजा," तो अंधाराला सांगत नाही, मलाच सांगतो. "उजवो पडलो तर हिका घेवन जातंय. डावो पडलो तर ही हय रवतली."

कुणी श्वास घेत नाही. मग लक्षात येतं, आधीही कुणी घेत नव्हतं. इथे श्वास घेणारी मी एकटी, आणि माझ्या प्रत्येक श्वासाने खांदे हलतायत. मी छाती बांधून धरते. डावा दाणा घट्ट आहे. उजव्याखाली पाण्याचा एक थेंब जमतोय, जड होतोय.

"ओ," मी म्हणते. "माका हय रवाचा आसा."

माझाच आवाज मला परका वाटतो. इतक्या दिवसांत, इतक्या नाण्यांत, मी हे वाक्य एकदाही लिहिलेलं नाही.

वासू माझ्याकडे बघतो. डोळे तेच, फक्त पापण्या हलत नाहीत. "ह्या आधी कित्याक सांगूक नाय?"

"माझा माकाच ठावक नव्हता."

"कौल लागल्यार सांगून काय उपेग गो?"

थेंब सुटतो. दाणा सरकतो. एक तांदूळभर, मग आणखी एक तांदूळभर. तो माझ्या गळपट्टीच्या हाडावर येतो, तिथे क्षणभर थांबतो, आणि त्याच्यापुढे काही नाही.

मी डावा हात उचलते आणि दाणा खांद्यावर दाबून धरते.

मंडपातून आवाज उठतो. व्हय म्हाराजा नव्हे. इतका वेळ एकच शब्द म्हणणारी ती सगळी माणसं वेगळं काहीतरी बोलतात, एकदम, घाबरून: "कौलाक हात लावल्यान! कौलाक हात लावल्यान!" असं कुणी करत नाही. लबाड माणसं झाली, चोर झाले, देवाच्या जमिनी खाणारे झाले, पण लागलेल्या कौलाला हात लावल्याचं मी आमच्याकडे ऐकलेलं नाही. पाठी वळायला लागतात. मला त्यांची तोंडं बघायची नाहीत. पार्वतीकाकींची तर नाहीच.

वासू मध्ये येतो. माझ्या अगदी जवळ, माझ्या आणि त्यांच्या मध्ये. त्याचा चेहरा मला दिसत नाही, फक्त शर्टाची गुंडी नसलेली जागा दिसते. तो हसतोय की रडतोय ते कळत नाही. नाकातून येणारा आवाज दोन्हीला सारखाच होता त्याचा.

"तर मगे धरून ठेव," तो कानात म्हणतो. "सोडू नको."

"किती येळ?"

टिंग टिंग.

खोलीत अंधार आहे. तिन्हीसांज टळत आलीय आणि घरात दिवा नाही. यंत्र गप्प उभं आहे. मी पाठीवर पडलेली, आणि माझा डावा हात उजव्या खांद्यावर असा घट्ट रुतलाय की बोटांना मुंग्या आल्यात. झोपेत अवघडले असेन. मी हात काढायला जाते. तळव्याखाली काहीतरी टोचतं.

मी दोन बोटं फाकवून बघते, तेवढीच. दारातून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात एक तांबूस टोक दिसतं. ओलं. मी बोटं परत मिटते. माझ्या घरात आहे तो रेशनचा पांढरा तांदूळ. शिवणाच्या खोलीत मी दाणा कधी येऊ देत नाही, मुंग्या लागतात. डावा खांदा मोकळा आहे की नाही, ते बघायला दुसऱ्या हाताची गरज आहे, आणि त्या हाताने मी फोन शोधतेय, कारण फोन वाजतोय.

"कुंदाबाई?" तेंडोलकर. मागे पेटीचा एकच सूर लागून राहिलाय, कुठली तरी पट्टी अडकली असावी. "पोरीचो फोन इललो. फाटफटी, सकाळीच निघतली म्हणता. तिका काय सांगू? मी काय आग्रह करणा नाय. व्हय की नाय, एकच शब्द सांगा."

तो शब्द माझ्या जिभेवर येतो, आणि मी तोंड मिटते. आज नाही. या घरात, या अंधारात, हा हात इथे असताना तो शब्द मी उच्चारणार नाही. कुठल्या प्रश्नाला लागेल सांगता येत नाही.

"कुंदाबाई? आयकतास मां?"

"तेंडोलकरानू," मी म्हणते, "माझ्या घरात अजून दिवो लावक नाय."

"लाइट गेली काय?"

"लाइट आसा. देवाकडचो दिवो. माझो एक हात अडकललो आसा."

"अडकललो? यंत्रात? सुई बिई गेली काय?"

"यंत्रात नाय. तुमी येवा आणि दिवो लावा. आज लावा, आणि उद्या लावा, आणि परवा लावा. पोरीक तसा सांगा."

पलीकडे तो अडकलेला सूर थांबतो. त्यांनी पेटीचा भाता मिटला असावा. मग, अगदी हलक्या आवाजात, "काड्याची पेटी आसा मां घरात? की येताना हाडू?"

"हाडा."

"आणि हात कसलो अडकललो, ता तरी सांगा."

"येवा म्हणजे दाखयतंय."

दाखवणार नाही, ते मला तेव्हाच माहीत असतं. मी फोन जमिनीवर ठेवते आणि भिंतीला टेकून बसते, तोंड दाराकडे करून. खोलीत मागे, चिंध्यांच्या बाजूला, काही हलल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही. श्वास लहान लहान घेते, खांदा हलणार नाही इतपत. तळव्याखालचा दाणा अजून ओला आहे, आणि खरं सांगायचं तर गारही. पाणंदीत चपला वाजायला लागतात. तेंडोलकर धावत नाहीत, त्यांचा गुडघा धावू देत नाही. मी त्यांना मनातल्या मनात म्हणते, ओ, जरा धावा.